पवनाकाठी विलायती गाडी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या चिंचवडातून सहज एक फेरफटका मारावा, म्हणजे यंत्रावर माया करणारे गाव कसे असते ते दिसते. शेडच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, लेथला हळदकुंकू, पाटावर ओळीने मांडलेले पान्हे, आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाला झेंडूची माळ. टेम्पो असो, स्कूटर असो, की साहेबांची लांबलचक मोटार असो. माळ सगळ्यांना सारखीच. मोरया गोसावींच्या या गावाच्या आसपास गेल्या साठ-पासष्ट वर्षांत इतकी वाहने जन्माला आली, की वाहन ही येथे नुसती चैनीची वस्तू राहिलीच नाही. ती पोटापाण्याची देवता झाली.

यंदा दसऱ्याला शेजारचे काका मला खडकीला घेऊन गेले. काकांनी छत्तीस वर्षे मोटारीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये काढली. निवृत्त झाले तरी बोटांना कानशीची सवय आहे. रिकामे बसवत नाही. "चला मास्तर, आज तुम्हाला एक विलायती म्हातारी दाखवतो," एवढेच बोलले.

खडकीला रेल्वेलाइनच्या बाजूला एका मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. आत गर्द हिरव्या रंगाची एक अजस्र गाडी उभी होती. गोलाईदार पाठ, मागच्या चाकांवर ओढून घेतलेला पदर, आणि बॉनेटच्या टोकाला झेप घेणारे एक जनावर. १९५२ सालची जग्वार, मार्क सेव्हन. मिस्त्री तिला माळ घालत होते. ती त्यांनी जनावराच्या मानेमागून वळवून घेतली. "तोंड झाकायचं नाही मास्तर, शिकारी जनावर आहे," ते म्हणाले.

तेथे आणखी एक गृहस्थ आले होते. बँकेतून निवृत्त झालेले आणि जुन्या मोटारींच्या ध्यासाने झपाटलेले. चहा आला आणि वाद सुरू झाला. विलायतेने जगाला दिलेल्या आलिशान सलून गाड्यांत राणी कोण? बँकवाल्यांचे मत रोल्स-रॉइसला. काकांचे रोव्हरला. मिस्त्रींचे अर्थातच समोर उभी होती तिला. मी मराठीचा शिक्षक. मला मत नव्हते. पण घरी येऊन जुनी पुस्तके चाळली, चार जाणत्यांना विचारले, आणि लक्षात आले की हा वाद केवळ विलायतेचा नाही. त्याचा शेवटचा अंक आपल्या पवनेच्या काठी घडलेला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी तीच हकीकत ऐकावी.

प्रथम 'सलून' या शब्दाची शंका दूर करू. आपल्याकडे सलून म्हटले की आरसा, खुर्ची आणि कात्रीची टकटक आठवते. इंग्रजांचा सलून म्हणजे दिवाणखाना. रेल्वेत साहेबाचा स्वतंत्र डबा तो सलून, आणि मोटारीत वरून पक्के छप्पर असलेली, चार दारांची, सगळ्यांना एकाच खोलीत बसवणारी गाडी ती सलून. लिमोझिनमध्ये मालक आणि चालक यांच्या मध्ये काचेची भिंत असते. सलूनमध्ये ती नसते. मालकाने स्वतः चालवावी आणि मागे बायकामुलांनी बसावे, अशी ही कुटुंबवत्सल गाडी. तिच्यात अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, कमावलेल्या कातड्याची बैठक आणि पायाखाली गालिचा घातला, की ती आलिशान सलून झाली.

बँकवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण मानपानात ती पहिली. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा आणि हेन्री रॉइस हा गरिबीतून वर आलेला कारागीर. हे दोघे मँचेस्टरमध्ये भेटले ते ४ मे १९०४ रोजी. पुढे १९०६ मध्ये त्यांची चाळीस-पन्नास अश्वशक्तीची गाडी आली. तीच सिल्व्हर घोस्ट या नावाने गाजली. या गाडीने हिंदुस्थानात नाव काढले ते आपल्याच मुलखात. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. घाटांची चढण, धूळ आणि खडी यांना तोंड देत रोल्स-रॉइस तिच्यात उत्तीर्ण झाली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती गाडी विकत घेतली. पुढे संस्थानिकांनी या कंपनीला दिलेल्या मागण्यांच्या कथा सर्वांना ठाऊकच आहेत.

त्या काळी रोल्स-रॉइस नुसता सांगाडा आणि इंजिन देत असे. अंगरखा शिवून घ्यायचा तो हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड अशा नामांकित कारागिरांकडून. एकाच सांगाड्यावर एकाने शिकारीची गाडी बांधून घ्यावी आणि दुसऱ्याने पडदानशीन राणीसाहेबांची. १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आली आणि हा प्रकार बहुतांशी संपला, कारण तिचा सांगाडा आणि अंग एकच होते. बँकवाल्यांच्या लेखी खरी रोल्स तेथे संपली. काका नेमके उलट म्हणतात. शॅडोला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, मागची चाके स्वतंत्रपणे खालीवर होत, आणि गाडीची उंची आपोआप राखणारी तेलाच्या दाबाची व्यवस्था होती. तिचा परवाना चक्क फ्रेंच सित्रोएनकडून घेतला होता. "अभिमान बाजूला ठेवून शेजाऱ्याकडून शिकली, म्हणून टिकली," हे काकांचे मत. बेंटलीचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघांचे एकमत झाले. १९३१ मध्ये रोल्सने बेंटली विकत घेतली आणि पुढे पुष्कळ वर्षे दोन्ही गाड्यांत जाळीवाचून फारसा फरक उरला नाही. एकाच घरातल्या दोन सुना. एकीची नथ वेगळी, इतकेच.

आता डेम्लर. हे नाव ऐकले की आपण जर्मनीकडे पाहतो. पण गॉटलीब डेम्लरच्या नावाचा आणि पेटंटांचा हक्क घेऊन १८९६ मध्ये कॉव्हेंट्रीत एक स्वतंत्र इंग्रज कंपनी उभी राहिली. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने १९०० मध्ये डेम्लर घेतली, आणि तेव्हापासून सुमारे पन्नास वर्षे ब्रिटिश राजघराण्याची गाडी म्हणजे डेम्लर असे समीकरण होते. तिच्या रेडिएटरच्या माथ्यावर पन्हाळीदार रेघा असत. जाणता माणूस दुरूनच ओळखी. एके काळी तिच्या इंजिनात सरकत्या नळ्यांच्या झडपा होत्या. आवाज अगदी नाही, पण मागे निळसर धुराची रेघ. राजाची स्वारी येते आहे हे कानाला कळत नसे, गेली हे नाकाला कळे, अशी थट्टा बँकवाल्यांनी केली.

या डेम्लरच्या पोटात आणखी एक नाव दडले आहे: लँचेस्टर. फ्रेडरिक लँचेस्टर हा बर्मिंगहॅमचा विलक्षण बुद्धीचा इंजिनियर. पेट्रोलवर चालणारी पहिली अस्सल इंग्रजी मोटार त्याने १८९५-९६ च्या सुमारास केली. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग या गाडीचा शौकीन होता आणि नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटमहर्षी रणजितसिंहजी, यांच्या पदरीही लँचेस्टर गाड्या होत्या. १९३१ मध्ये ही कंपनी डेम्लरच्या घरात गेली आणि हळूहळू नावापुरती उरली.

काकांची लाडकी रोव्हर मात्र मध्यमवर्गाच्या मनाची गाडी. तिचे मूळ तर सायकलीत आहे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल केली. तिचे नाव रोव्हर. आज घराघरांत असलेली सायकल तिचीच वंशज. पोलिश भाषेत सायकलीला अजून 'रोवेर' म्हणतात! एके काळच्या सायकलींच्या पुण्याने त्या नावाला एक नमस्कार करायला हरकत नाही. मोटारी आल्या त्या १९०४ पासून. १९४९ ते १९६४ या काळात निघालेल्या रोव्हरला इंग्रज प्रेमाने 'मावशी' म्हणत. दिसायला साधी, वागायला शिस्तीची, कधी दगा न देणारी. तिच्यानंतरची तीन लिटरची, पुढे साडेतीन लिटरची रोव्हर मंत्र्यासंत्र्यांची झाली. १९७३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर उतरल्या त्या याच जातीच्या गाडीतून. सरकारने पुढची तजवीज म्हणून गाड्यांचा साठा करून ठेवला होता. काका म्हणतात, "ज्या गाडीचा साठा करावासा वाटतो, तिला प्रशस्तिपत्र कशाला?"

आणि आता मिस्त्रींची जग्वार. विल्यम लायन्स या तरुणाने १९२२ मध्ये ब्लॅकपूलला एका भागीदाराबरोबर मोटरसायकलींचे साइडकार करण्याचा धंदा काढला. पुढे साध्या गाड्यांना देखणी अंगे चढवू लागला. १९२८ मध्ये तो कॉव्हेंट्रीला आला आणि १९३५ मध्ये आपल्या गाडीला त्याने जग्वार हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत होते. कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा करायला रात्री जागाव्या लागत. त्या जागरणांत लायन्सच्या इंजिनियरांनी युद्धानंतरच्या इंजिनाची आखणी केली. सहा सिलिंडर आणि माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. रेसच्या गाडीत शोभावे असे हे इंजिन त्यांना घरगुती सलूनमध्ये बसवायचे होते. आधी ते १९४८ च्या धावत्या खेळगाडीत आले आणि १९५० मध्ये मार्क सेव्हनमध्ये बसले. ३,४४२ घनसेंटिमीटर, १६० अश्वशक्ती; पाच माणसे आणि त्यांच्या बॅगा घेऊन ही गाडी ताशी शंभर मैल सहज जाई. याच इंजिनाच्या भाईबंदांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. ते १९९२ पर्यंत गाड्यांत बसत राहिले.

लायन्सची युक्ती अशी, की बेंटलीचा थाट त्याने बेंटलीहून कितीतरी कमी किमतीत दिला. त्यामुळे खानदानी मंडळी जग्वारला जरा नाक मुरडत. १९५९ ची मार्क टू तर पोलीस आणि चोर या दोघांचीही आवडती झाली! १९६० मध्ये लायन्सने डेम्लर विकत घेतली आणि १९६८ च्या सप्टेंबरात एक्सजे-सिक्स बाहेर पडली. तिचा घाट लायन्सने स्वतःच्या नजरेने ठरवला. त्याची रीत न्यारी होती. पुऱ्या आकाराचे नमुने बनवून घ्यायचे, घराच्या बागेत उजेडात उभे करायचे, आणि सभोवार फिरून 'ही रेघ अंगुळभर खाली घ्या' असे सांगायचे. आपले मूर्तिकार बाप्पाची सोंड ठरवतात तसे. पुष्कळ रसिकांच्या मते त्या गाडीइतकी शांत, मऊ आणि तरीही चपळ सलून तोवर झाली नव्हती.

मग दुर्दशा का झाली? येथे तिघेही गंभीर झाले. १९६६ मध्ये जग्वार दुसऱ्या कंपनीत मिसळली, १९६८ मध्ये सगळ्यांचे मिळून ब्रिटिश लेलँड झाले, १९७५ मध्ये ते सरकारच्या हाती गेले. संप, ढिसाळ काम, गंज, रुसणारी वीजजोडणी. 'जग्वार घ्यायची तर दोन घ्याव्यात. एक रस्त्यावर, एक दुरुस्तीला,' असा विनोद इंग्लंडात रूढ झाला. बँकवाले म्हणतात, दोष कामगारांचा. काका म्हणतात, दोष वरच्यांचा. नवी यंत्रे घेतली नाहीत, गाडीवर मिळवलेला पैसा गाडीत घातला नाही. मिस्त्री चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "दोघांचाबी. घरात आई आणि सून भांडली की पोळी करपतेच."

१९८४ मध्ये जग्वार पुन्हा स्वतंत्र झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने ती सुमारे अडीच अब्ज डॉलरना घेतली, आणि २००० मध्ये लँड रोव्हरही घेतली. २००५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनवरील जग्वारच्या जुन्या कारखान्यात मोटारी जुळवण्याचे काम थांबले. सायकली, मोटारसायकली, मोटारी असे एकामागून एक उद्योग पाहिलेल्या त्या गावाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण मिटले.

आता नजर इकडे वळवू. ज्या वर्षांत कॉव्हेंट्री भरात होते, त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडला माळरान होते. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. आकुर्डीला स्कूटर आणि तीनचाकी टेम्पो आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६६ पासून सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचा पसारा येथे उभा राहू लागला. मुळगावकरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आधी माळावर झाडे लावली, तळे केले, शिकाऊ मुलांची शाळा उघडली, हत्यारे बनवणारी टूलरूम उभी केली. पुण्याचा पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ मध्ये! काका त्या शिकाऊ मुलांपैकीच. "वर्षभर नुसती कानस चालवली. चौकोनी तुकडा खरोखर चौकोनी करायला शिकलो. मग कळलं, की जग्वारवाल्यांची जागरणं म्हणजे काय असतील," ते म्हणाले.

त्या काळात विलायती सलून आपल्याकडे येणे जवळजवळ बंद होते. परकी चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक बंधने होती. परदेशी वकिलातीतल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यावर श्रीमंतांच्या आणि सिनेनटांच्या उड्या पडत. बाकीच्यांनी मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार असलेल्या अँबॅसडरवर समाधान मानले. आधी आलेल्या गाड्या मात्र इथल्या मिस्त्रींनी जगवल्या. भाग मिळत नाही म्हणून लेथवर भाग करायचे. पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येक राजेशाही गाड्यांच्या पोटात मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसले. रसिकांना हे ऐकवत नाही. पण ज्याने तसे केले त्याने गाडी भंगारात जाऊ दिली नाही, हेही खरे.

आणि मग इतिहासाने गंमत केली. २००३ मध्ये पुण्यात तयार झालेली इंडिका विलायतेला जाऊ लागली, नाव सिटीरोव्हर. ज्या नावाच्या गाडीतून पंतप्रधान उतरत, ते नाव पिंपरीच्या लहानग्या गाडीच्या नाकावर बसले. किंमत फार लावली म्हणून तिकडे तिच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि २००५ मध्ये ती इंग्रज कंपनीच बुडाली. काका त्या दिवसांत जेवताना गप्प असत, असे काकू सांगतात.

पुढे फोर्डलाही जग्वार-लँड रोव्हर झेपेना. टाटा ती घेणार अशी बातमी २००७ मध्ये आली तेव्हा, भारतीय मालकीमुळे या गाडीचा थाट जाईल, असे अमेरिकेतल्या जग्वार विक्रेत्यांच्या एका प्रतिनिधीने बोलून दाखवले. इंग्लंडातल्या कामगार संघटनांना मात्र टाटा बरे वाटले. २६ मार्च २००८ रोजी करार झाला, २ जूनला पुरा झाला. किंमत सुमारे २.३ अब्ज डॉलर. फोर्डने दोन्हींसाठी मोजली होती तिच्या निम्म्याहून कमी. आणि या दोन नावांबरोबर आहेरात आणखी तीन नावे आली: डेम्लर, लँचेस्टर आणि रोव्हर. म्हणजे आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये ज्या गाड्यांवरून वाद झाला, त्यांतली रोल्स आणि बेंटली वगळता सारी घराणी एकाच भारतीय छपराखाली आली होती.

डेम्लरची गंमत तर और आहे. जर्मन मर्सिडीजने भारतात पहिला मुक्काम केला तो टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातच. १९९५ मध्ये तेथे तिची गाडी जुळवली जाऊ लागली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली. चाकण म्हटले की पूर्वी कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग आठवे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने तेथे झुंजवले होते. आज त्याच मुलखात जर्मन, इटालियन आणि देशी वाहनांचे कारखाने आहेत. गॉटलीब डेम्लरच्या जर्मन आणि इंग्रज अशा दोन्ही शाखांचे धागे शंभर वर्षांनी या पंचक्रोशीत एकमेकांजवळ आले.

२०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. २०१३ मध्ये जग्वार एक्सएफ आली आणि २०१४ मध्ये एक्सजे. लायन्सने बागेत उभी करून पारखलेल्या त्या सलूनची शेवटची पिढी आपल्या पोरांनी जुळवली. भाग विलायतेहून येत, हे खरे. पण हात इथले. बँकवाल्यांना हे फारसे पटत नाही. त्यांच्या मते जुळणी म्हणजे काही निर्मिती नव्हे. काका चिडले. "साहेब, लग्न जुळवणाऱ्याला विचारा जुळणी सोपी असते का!"

पण काळ कोणासाठी थांबत नाही. जुलै २०१९ मध्ये इंग्लंडात एक्सजेचे उत्पादन संपले. जग्वारने पुढे केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्या करायचे ठरवले आणि २०२४ मध्ये जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री विलायतेत आवरती घेतली. पुण्यात आता रेंज रोव्हर तयार होतात. त्या उंच, दणकट आणि मागणीच्या. सलून मागे पडली. आपल्या पट्ट्यातही काही कारखान्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. तळेगावचा अमेरिकन कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, पुढे कोरियन कंपनीने घेतला. कॉव्हेंट्रीत जे घडले ते इथे घडणारच नाही, असे छातीठोकपणे कोण सांगणार? गावाचे नाव कारखान्याने मोठे होते, पण कारखाना गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न मला त्या शेडमध्ये सारखा टोचत होता.

त्याचे उत्तर मिस्त्रींनी न विचारता दिले. त्यांच्या भिंतीवर पान्ह्यांच्या दोन ओळी होत्या. एक आजची, मिलिमीटरची. दुसरी जुन्या इंग्रजी मापाची. तिच्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून आतल्या दांड्याच्या जाडीचा असतो. नवा पोरगा चुकीचा पान्हा लावतो आणि डोके गोल करून ठेवतो. या गाडीत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. न पाहता जोडले की काहीतरी जळालेच. आणि दोन कार्बोरेटर एका सुरात आणायचे तर यंत्र लागत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाला लावायचे, दुसरे हवेच्या तोंडाशी धरायचे आणि दोन्हींचा सुस्कारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. "हे पुस्तकात लिहिलंय मास्तर. पण पुस्तकाला कान नसतो," ते म्हणाले.

मिस्त्रींचे वय सत्तरीच्या पुढे. मुलगा चाकणला रोबोटच्या लाइनवर कामाला आहे. पगार बरा, हात स्वच्छ. त्याने यात यावे असे मिस्त्रींनाही वाटत नाही. गाडीच्या मालकांपुढे मात्र पेच होता. त्यांचा मुलगा म्हणत होता, एक तर डिझेल इंजिन बसवून लग्नाच्या वरातीला भाड्याने लावू, नाही तर इंजिनाला हातच न लावता रंग देऊन बंगल्यात शोभेला ठेवू. त्यावर तिघा रसिकांचे त्या दिवसातले पहिले आणि शेवटचे एकमत झाले: गाडी चालती राहिली पाहिजे, आणि स्वतःच्याच काळजाने. २०२१ मध्ये सरकारने नियम केला आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती लावता येत नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला नेता येते. म्हणजे वरातीचा बेत परस्पर बारगळला! मालकांनी हा कागद वाचला, हसले आणि म्हणाले, "मग मिस्त्री, तुम्हीच सांगाल तसं."

मिस्त्रींनी अट घातली. पैशाची नव्हे. "एक पोरगा द्या. रविवारी येईल असा. नाहीतर मी गेलो की हिचा आवाज कुणाला कळायचा नाही." काकांनी आयटीआयमधल्या दोन मुलांशी आधीच बोलून ठेवले होते, ती त्या दिवशी दारातच उभी होती. एक पोरगा, एक पोरगी.

नारळ फुटला. मिस्त्रींनी बटण दाबले. म्हातारी दोनदा खोकली, मग सहाही सिलिंडर जागे झाले आणि शेडचा पत्रा हलकासा थरथरला. मिस्त्रींनी रबरी नळी काढली, स्वतःच्या कानाला न लावता त्या पोरीच्या हाती दिली आणि म्हणाले, "ऐक. घाई करू नको. दोन्हीकडचा श्वास सारखा झाला की सांग."

तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मग म्हणाली, "काका, मागचा जरा जास्त ओढतोय."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्यापुढे धरला. बँकवाल्यांनी रोल्स-रॉइसचे नाव त्या दिवशी पुन्हा काढले नाही, आणि आमचे काका उगाचच चष्मा पुसत राहिले.

कोणती गाडी राणी, हा निकाल मला देता येत नाही. पण ज्या गावात यंत्राचा श्वास ऐकणारा एक कान तयार होतो, त्या गावाची काळजी त्या दिवसापासून मी थोडी कमी करतो. दिवाळीत आपल्या दारची गाडी पुसताना, ती विलायती असो वा साधी दुचाकी, तिच्यामागच्या हातांची आठवण ठेवावी, एवढेच मागणे.